दरवाजा कोणी उघडला

माझ्या नवऱ्याला सगळं गाव सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. लग्न नवीन असताना एकदा नावाने हाक मारली, तर सासरे आतून ओरडले, "कोण पाहुणे आलेत गं?" तेव्हापासून तो नाद सोडला.

सर शाळेत इतिहास शिकवतात. हंगामी म्हणून लागले तेव्हा शाळेला कुंपणही नव्हतं. आता कुंपण आहे, फाटक आहे, फाटकावर कॅमेरा आहे, आणि सर अजून हंगामीच आहेत. दर वर्षी संस्थेचे अध्यक्ष त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "पुढच्या वर्षी नक्की बघू." सर घरी येऊन मला सांगतात, "या वेळी साहेब मनापासून बोलले." शाळेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. तिथे बसून मी अध्यक्षांना असं मनापासून बोलताना पुष्कळ जणांशी पाहिलंय. पण घरात तसं म्हणायची सोय नव्हती. सरांचा सगळा जीव त्या 'कायम' या एका शब्दात अडकलेला होता.

मग शाळेत टॅब आले. कंपनीचा एक टाय लावलेला माणूस आला आणि त्याने सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बसवून सांगितलं, "इतिहास आता शिकवायचा नाही, अनुभवायचा." गणिताच्या बाई झोपल्या होत्या, पण आमचे सर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. त्यांना खरंच आवडलं. इतकी वर्षं खडूने फळ्यावर तट काढून, डस्टरला तोफ म्हणून ज्यांनी लढाया शिकवल्या, त्यांना हलणारे घोडे मिळाले. त्या रात्री ते जेवताना ताटात बघत नव्हते, टॅबमध्ये बघत होते.

ॲपमध्ये आपल्या गावाचा इतिहास आपणच भरायचा होता. सर मुलांना घेऊन घरोघरी हिंडले, म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं, कुठल्या घरात पूर्वी कोण राहत होतं, काय करत होतं, ते सगळं नकाशावर चढवलं. प्रत्येक दारावर लावायला एक कोड, तो मी छापला आणि लॅमिनेट केला. दारासमोर टॅब धरला की त्या घराचा पूर्वज पडद्यावर येऊन उभा राहायचा. कंपनीने पुरुषांचा चेहरा एकच दिला होता, मिशा मात्र दोन प्रकारच्या होत्या. त्यामुळे अख्ख्या गावाचे पूर्वज सख्खे भाऊ दिसायचे. बायकांना चेहराच नव्हता. नवऱ्याच्या नावाखाली नुसतं 'पत्नी' एवढं यायचं. मी सरांना म्हटलं, "हे मात्र अगदी खरं उतरलंय."

या सगळ्यात मुख्य होता तो गावाला पडलेला वेढा. ती हकिकत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. शत्रू तटाबाहेर तळ ठोकून बसला, तोफा लावल्या, पण तट काही पडला नाही. शेवटी एका पहाटे पहारेकऱ्यांच्या नायकानेच जमिनीच्या लालचीने वेशीचा दरवाजा आतून उघडून दिला. तो नायक म्हणजे आमच्या अध्यक्षांचा खापरपणजोबा. हे त्यांच्या तोंडावर कोणी म्हणत नसे, पाठ फिरली की सगळे म्हणत. सरांचा गुन्हा एवढाच, की त्यांना खरं काय ते माहीत होतं आणि ते टाइप करता येत होतं.

अध्यक्षांना ॲप दाखवायचा दिवस आला. त्यांनी वेढा पाहिला, घोडे पाहिले, मग मिशीवाला नायक दरवाजाचा अडसर काढताना पाहिला, आणि खाली त्याचं आडनावही वाचलं. खोटं आहे असं ते म्हणाले नाहीत. "काम सुंदर आहे," म्हणाले, "फक्त मुलांच्या कोवळ्या मनाचा विचार करा." आणि निघता निघता, "तुमच्या कायमचा विषय या बैठकीत घेतोय बरं का."

सर दुकानात येऊन स्टुलावर बसले. "एक नाव तर बदलायचं," म्हणाले. "बाकी सगळा वेढा जसाच्या तसा राहील."

"वेढ्यात त्या दरवाजाशिवाय दुसरं होतं काय?" मी म्हटलं.

"तुला शैक्षणिक बाजू कळत नाही," असं म्हणून सर उठले. त्यांच्याकडे उत्तर नसलं की माझ्यात समज नसते.

त्यांनी आधी ते नाव नुसतं पुसलं. पण ॲपमध्ये 'दरवाजा कोणी उघडला?' या रकान्यापुढे लाल चांदणी होती. तो भरल्याशिवाय गोष्ट पुढे जातच नव्हती. वर्गात वेढा लावला तर शत्रूचे घोडे वेशीबाहेर जागच्या जागी पाय आपटत राहिले. पूर्ण तास मुलं ते घोडे बघत बसली. कंपनीच्या अहवालात त्या तासाला 'मुलांचे लक्ष : सर्वोत्तम' असा शेरा आला. मग सरांनी 'अज्ञात' असं भरलं. ॲपने उत्तर दिलं, 'अज्ञात यांचे घर नकाशावर आढळले नाही. कृपया घर निवडा.'

म्हणजे फितुरी कोणाच्या तरी दारात नेऊन ठेवावीच लागणार होती. सरांनी खूप विचार करून मिठाच्या एका व्यापाऱ्याला निवडलं. व्यापारी बाहेरून येऊन राहिलेला, कोणाच्या लक्षात नसलेला. त्याचा वंशज म्हणजे चौकातला औषध दुकानदार. सरांना वाटलं, बिचारा गरीब स्वभावाचा आहे. त्या गरीब स्वभावाच्या माणसाने दुसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या 'संपल्या' म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशीही संपल्याच होत्या. मागच्या फळीवर मला त्या दिसत होत्या. चौथ्या दिवशी सरांनी व्यापाऱ्याला निर्दोष सोडलं आणि विहीर खणणाऱ्या एकाला पकडलं. त्याच्या घरातला मुलगा वीज कार्यालयात वायरमन. शिक्षणाधिकारी टॅबचे वर्ग बघायला आले त्या सकाळी शाळेची वीज गेली. शेजारच्या सगळ्या घरांत पंखे फिरत होते.

रविवारी सर टॅब घेऊन नकाशावर घराघरातून फिरत बसले. प्रत्येक दारावर बोट ठेवायचे आणि उचलायचे. हा पोलीस खात्यात, याचा मेहुणा संस्थेत, ही बाई तोंडाची फटकळ. शेवटी बोट आमच्याच दारावर थांबलं.

"अहो, आपण कुठले या गावचे?" मी म्हटलं. "मामंजी इथे बस डेपोत मेकॅनिक म्हणून आले, त्याआधी इथे आपलं कोणी नव्हतं. वेढा पडला तेव्हा तुमचे पूर्वज कुठे होते हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "कोणाचं मन दुखावणार नाही. आपलंच घर आहे, आपण काही तक्रार करणार नाही."

मी तक्रार केली. भांडी आपटली, दोन दिवस बोलले नाही. सासरे तर ओरडलेच. "माझ्या बापजाद्यांना गद्दार करतोस? माझा बाप साधा टपाल वाटायचा रे!" पण सर म्हणाले, साहेब खूश आहेत, बैठक जवळ आलीय, एकदा कायम झालो की सगळं पहिल्यासारखं करून टाकीन. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. राग जास्त आला.

पुढे जे झालं ते मात्र मी कधी कल्पनेत आणलं नव्हतं. शाळेची मुलं टॅब घेऊन आमच्या दारात यायला लागली. कोडसमोर टॅब धरायची, मिशीवाला बघायची आणि सासऱ्यांकडे अशा नजरेने बघायची की जणू यांनीच अडसर काढलाय. पहिला आठवडा सासऱ्यांनी मुलांना हुसकावलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दाराजवळ खुर्ची टाकली. तिसऱ्या आठवड्यात मी आतून ऐकते तर काय, "पहाटेची वेळ होती. थंडी मरणाची. आमच्या पणजोबांचा उजवा हात दुखावला होता, म्हणून अडसर त्यांनी डाव्या हाताने काढला." टपालवाल्याच्या मुलाने घराण्याला लष्करात भरती करून टाकलं होतं! मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. बस डेपोतल्या गोष्टी ऐकायला त्यांच्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं.

आमच्या ॲपला बक्षीस मिळालं. ते घ्यायला अध्यक्ष गेले, सरांनी त्यांचं भाषण लिहून दिलं. त्यात 'सत्य' हा शब्द इतक्या वेळा होता की मी प्रिंट काढताना शाईचा विचार करत होते.

आणि मग ती बैठक झाली. सर कायम झाले नाहीत.

या वेळी 'पुढच्या वर्षी बघू' असंसुद्धा कोणी म्हणालं नाही. पालकांचा एक अर्ज आला होता : ज्या घराण्याने गावाशी बेइमानी केली, त्या घरातला माणूस मुलांना कायमचा इतिहास शिकवणार का? पहिली सही औषध दुकानदाराची, दुसरी वायरमनची. सरांनी दुकानात येऊन मला हे सांगितलं, डबा उचलला आणि पुढच्या तासाला गेले. मला ते बघवेना. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मी थेट अध्यक्षांच्या खोलीत घुसले.

"साहेब, दरवाजा कोणी उघडला हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. "आम्हाला माहीत आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे."

अध्यक्ष जराही चिडले नाहीत. टेबलावरचा टॅब त्यांनी माझ्याकडे वळवला. पडद्यावर आमचं घर, आमचं आडनाव, आणि सासऱ्यांच्या आवाजातली ती डाव्या हाताची हकिकत. कुठल्यातरी मुलाने तीही रेकॉर्ड करून चढवली होती.

"बाई, तुमचा त्रास मला समजतो," ते म्हणाले. "पण हे मी लिहिलेलं नाही. तुमच्या मिस्टरांनी लिहिलंय. इतिहासाचा माणूस स्वतःच्या घराविरुद्ध खोटं कशाला लिहील?"

ते नाटक करत असते तर मी त्यांना चार शब्द सुनावले असते. पण त्यांच्या डोळ्यांत मला खरीखुरी सहानुभूती दिसली. त्यांचा त्या टॅबवर विश्वास बसला होता.

बाहेर आले तर शेजारच्या वर्गात सरांचा तास चालू होता. खिडकीशी मी थांबले. टॅबवर वेढा संपत आला होता, दरवाजा उघडत होता, घोडे आत शिरत होते. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, तुमच्या खापरपणजोबांनी दरवाजा का उघडला?"

कोणीतरी हसलं, बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. सरांनी पडद्यावरचे घोडे थांबवले. मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल, सगळं सांगून टाकेल.

"त्याला वाटलं," सर म्हणाले, "मोठ्या माणसांचं मन राखलं की आपल्याला कायमची जागा मिळेल."

"मग मिळाली का?"

"नाही."

मुलीने टॅब पुढे ओढला. "सर, हे आत नाहीये. टाकू?"

"टाक," सर म्हणाले. "त्यात एवढं तरी खरं असू दे."