बोलके मासे

परवा सुनेने माशांच्या टाकीतलं पाणी बदललं आणि हाक मारली, "बाबा, बघा, मासे बोलतायत!" मी धावत गेलो आणि आधी पाणी हुंगलं. वास नळाच्या पाण्यातल्या औषधाचा होता, तेवढाच. तरी मी पुन्हा एकदा हुंगलं.

साजगावच्या आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, तोही प्राणिशास्त्राचा. तरुणपणी नोकरी लागल्यावर हौसेने गावच्या घरी काचेची टाकी आणली. मासे स्वतः पारखून घेतले, ताठ परांचे, चपळ. एका सकाळी टाकीत परसातल्या विहिरीचं ताजं पाणी घातलं आणि जरा वेळाने सगळे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले.

शेजारच्या काकी हसल्या, "वयनी, तुमच्या पोराचं मासं पण कॉलेजात गेलं वाटतं! बोलतंय की गं!"

आईने कौतुकाने विचारलं, "काय म्हणतायत रं?"

माशांचा जीव गुदमरत होता. मी ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. गावाजवळच्या रसायनांच्या कारखान्यामागच्या ओढ्याला यायचा तोच उग्र वास, अगदी पुसट, आता आमच्या विहिरीला होता.

"आये, हे पाणी पिऊ नको."

"येडा हायस का? तुझं मासं शहरातलं, नाजूक. आमी जलमभर हेच पितो."

टाकीत पहिला मासा आडवा झाला. आईने तांब्या भरून काकींना दिला, तांब्यात उरलेलं पाणी स्वतः प्याली. परसात रहाट करकरत होता. अख्खी आळी पाणी भरत होती.