आमटीतली कॉफी

बायकोने आमटीभाताचा घास घेतला आणि तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. माझा हात ताटातच थांबला.

मोठ्या तापातून उठल्यापासून तिच्या तोंडाची चव गेली होती. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. भोपळ्याच्या भरतात आलं आणि गूळ, संत्र्याच्या सालीची चटणी, असे प्रयोग मी तिच्यापुढे मांडत गेलो. हॉटेलात अशा पदार्थांना भारदस्त नावं असतात आणि वर कोथिंबिरीचं एक पान उभं केलेलं असतं. माझ्याकडे नुसती आशा होती. ती सगळं निमूटपणे खायची आणि "छान झालंय" म्हणायची. इतकं पोकळ कौतुक मी सत्कार समारंभातही ऐकलेलं नाही.

"अहो, यात काय घातलंय?"

"कॉफी. चिमूटभरच."

"आमटीत? कडूजहर झालीये! त्या डाळीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

घरात कुणी मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतं, तेव्हा खरं तर सगळं ठीक चाललेलं असतं. आपण मात्र ते ऐकून रागावतो.

"हसताय काय? मला साधं पिठलं टाका. लसूण घाला जरा."

मी उठलो. कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत होते, पण देवाशी माझं फारसं बोलणं नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्याच चार जास्त सोलल्या.