पाण्याला यायची वाट

घरच्या अंगणात पोहायचा हौद बांधायला काय काय लागतं, ते मला अजून क्रमाने पाठ आहे. खोदाई, दगड, वाळू, सिमेंट, सळया, गवंडी आणि पाणी. पाणी मी यादीत शेवटी लिहिलं होतं. भीमपूरकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात प्यायचं पाणी बायकांच्या डोक्यावरून यायचं, आणि आम्ही छातीभर पाण्याचा हौद बांधायला निघालो होतो.

कारण होतं वडिलांचा पाय. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना रोज छातीइतक्या पाण्यात उभं करा. पाण्यात पाय हलका होतो, पुन्हा चालायला शिकू शकतो. पण हे आत्ताच व्हायला हवं, पावसाळ्यापर्यंत थांबलात तर पाय कायमचा विसरेल. नदी लांब, आणि त्या दिवसांत तिच्यात घोटाही बुडत नसे.

धाकटा भाऊ तेव्हा आखातातून सुटीवर आला होता. तिकडे तो लोकांच्या घरचे हौद साफ करायचा.

"ताई, तिथं नुसती वाळू हाये, तरी घरोघरी हौद. आपल्या इथं काऊन नाई?"

"तिथं तेल निघते बाबू, इथं कापूस," मी म्हटलं, आणि माझ्या शाळेतली एक वही घेऊन यादी करायला बसले.

स्लॅबच्या घरासाठी त्याने साठवलेले पैसे हौदाकडे वळले. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर बांधलेलं टिकत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं आणि खोदाईतच माझा अंदाज चुकला. दगड स्वस्त पडला. घराच्या पायासाठी आणून ठेवलेला होता तोच वापरला.

वडील निंबाखाली खाटेवर बसून बघत असत. त्यांचा जन्म विहिरी बांधण्यात गेला होता. खोदताना तळाला लागलेलं पहिलं पाणी त्यांनी कितीतरी गावांत ओंजळीने प्यायलं होतं. विहीर भरली की त्याच गावात त्यांना ते वरून ओतून मिळायचं. लकव्यानंतर ते एखादाच शब्द बोलत. भिंती कमरेइतक्या वर आल्या तेव्हा मात्र त्यांनी डावा हात उचलला.

"पानी विकत आनत नसते," ते हळूहळू म्हणाले. "उताराच्या अंगानं भोकं सोडा. त्याले यायले वाट द्या."

आजारानंतर ते एवढं प्रथमच बोलले होते. गवंडी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. माझा भाऊ हौद घासत आला होता, बांधत नाही. त्यांचं बोलणं कोण मोडणार? गिलाव्यातही बोटभर भोकं राखली गेली.

जमिनीतून थेंबही आला नाही. शेवटी आदिलाबादहून टँकर मागवले.

"पेळ्ळी है क्या टीचरम्मा?" ड्रायव्हरने विचारलं. लग्नाशिवाय एवढं पाणी कोणी मागवत नसे.

संध्याकाळी हौद भरला. अर्धं गाव कडेला उभं राहून आपापलं तोंड पाण्यात बघत होतं. सकाळी तळाला फक्त ओल होती.

उताराखालच्या घरातली काकू घागर घेऊन आली. "मास्तरीनबाई, आमच्या विहिरीले रातच्यान हातभर पानी चढलं. तुमच्या बुढ्यानं खाटेवर बसल्या बसल्या आमची विहीर भरली. आज बी टँकर येनार हाये का?"

भाऊ हसला नाही. उरलेल्या पैशांत हौद एकदाच भरणार होता, आणि त्याच्या परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली होती. त्याच्याशिवाय वडिलांना पाण्यात उतरवणारं घरात कोणी नव्हतं.

वडील रिकाम्या हौदाकडे बघत राहिले. "विहिरीत ते त्याच वाटेनं येते," ते म्हणाले. मग भिंतीतल्या भोकांवरून नजर फिरवत, "मी त्याले जलमभर बोलावलं. थांबवलं कदी नाई."

त्यांनी सिमेंट कालवायला लावलं. भावाने आणि गवंड्याने त्यांना खुर्चीसकट तळात उतरवलं. डाव्या हाताने थापी धरून त्यांनी एकेक भोक स्वतः बुजवलं. माल खाली पडायचा, ते पुन्हा घ्यायचे. गवंडी मदतीला वाकला तर म्हणाले, "तू सरक."

सिमेंट मुरू दिलं. मग टँकर आले. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कडेला गेले. पाणी जिथे सोडलं होतं तिथेच होतं, आणि त्यात निंब उलटा उभा होता. आमच्या अंगणात, भर चैत्रात. मी घरात कोणाला हाक मारायची विसरून तशीच उभी राहिले.

भावाने वडिलांना पाठीवर घेऊन उतरवलं आणि छातीभर पाण्यात उभं केलं. काकू, गवंडी, सगळे कडेवरून वाकले. वडील खाली बघत होते. बराच वेळ काही झालं नाही.

"बाई," त्यांनी मला हाक मारली, "पानी हालून राह्यलं, का माहा पाय?"

मी कडेवर पालथी पडून पाण्यात पाहिलं.

"पाय, बाबा," मी म्हटलं.