पारूबाईचा गेलेला आवाज

पारूबाईला सुनेनं शेंदूर खाऊ घातला, ही बातमी एका शनिवारी सकाळी आठला औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात उगवली. साडेआठपर्यंत ती केळीवाल्यापर्यंत पोचली आणि वाटेत शेंदराचं माप चिमटीवरून चमच्यावर गेलं. मी ती फक्त दोघांना सांगितली, आणि दोघंही विश्वासातले.

शेंदूर पोटात गेला की माणसाचा आवाज कायमचा जातो, हे आपल्याकडं न शिकवता सगळ्यांना ठाऊक असतं. आणि पारूबाईचा आवाज गेला होता हे तर अख्खा बाजार बघत होता. आवाज तरी कसला? तिनं 'कवळी भेंडीऽऽ' म्हटलं की चार गाडे पलीकडच्या बाईची पिशवी उघडायची. जयंतीच्या मिरवणुकीत एकदा लाउडस्पीकर बंद पडला, तेव्हा पोरांनी वायरमनच्या आधी पारूबाईला गाठलं होतं. अशी बाई गळ्याला मफलर गुंडाळून आली आणि भाव बोटांनी दाखवू लागली.

शेजारी पालक-शेपू विकणाऱ्या सरूबाईकडं पुरावे तयारच होते. "शुक्रवारी सुनंसंगं दवाखान्यात जाते म्हनून रिक्षात बसली. जाताना बोलत व्हती, येताना मुकी. उतरली तवा व्हट शेंदरी! हनुवटीवर वघळ! म्या या डोळ्यानं पाह्यलं. अन् आज गाड्यावर कोन उभं हाय? सून!"

सून म्हणजे निशा. नवरा संघपाल वाळूजच्या कंपनीत शिफ्टला, ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बोलणं इतकं हळू, की तिला नको असताना तीन-तीन कप चहा प्यावा लागायचा. तिचं 'नको' कुणाला ऐकूच यायचं नाही.

"ऐसी चुप लडकियांच खतरनाक रहते," समोरचा कांदेवाला मजीदभाई मला म्हणाला. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

आता शुक्रवारी काय झालं ते ऐका. दवाखाना नव्हताच. पडेगावच्या मैदानावर मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची फायनल होती आणि निशा तिच्या कॉलेजकडून खेळत होती. पारूबाईनं वर्षभर हे बाजारात कळू दिलं नव्हतं. सून हाफ पँट घालून पळते म्हटलं तर लोक भाजी सोडून तीच बातमी घरी नेतील, असा तिचा हिशोब. स्वतः मात्र दर मॅचला पिशवीभर लिंबं घेऊन हजर. मध्यंतराला मीठ लावलेली लिंबाची फोड प्रत्येक पोरीच्या हातात द्यायची, त्यामुळं टीममधल्या सगळ्या पोरी तिला नावानिशी माहीत.

शेवटचं मिनिट. एक-एक. कहकशा नावाच्या पोरीजवळ बॉल, भोवती तिघींचा गराडा. निशा उजवीकडं गोलच्या तोंडाशी एकटी उभी, पण मला दे म्हणून ओरडेल तर शपथ. मग पारूबाईच ओरडली.

"कहकशाऽऽ! उजवीकडं बघ! निशी मोकळी उभी हायऽऽ!"

कहकशानं न बघताच बॉल ढकलला, निशानं मारला, जाळी हलली. पारूबाईनं शेजारच्या माणसाला मिठी मारली. तो समोरच्या कॉलेजचा शिपाई निघाला. त्यांचे सर तक्रार घेऊन धावत आले, तर रेफ्री म्हणाला, "प्रेक्षकांनी ओरडू नये, असा नियम मला तरी माहीत नाही."

निशाचे अम्मार सर मात्र गंभीर होते. "निशा, विद्यापीठाच्या टीमसाठी तुझं नाव द्यायचंय. पण मैदानावर तू मुकी. पुढची मॅच परगावी. तिथं मावशी नसणार. आठ दिवस देतो. आवाज निघाला तर नाव, नाय तर दुसरी पोरगी बघतो."

आणि आता पारूबाईची पंचाईत बघा. जन्मातली सगळ्यात मोठी गोष्ट पोटात आणि घशातून फक्त खरखर. बाई बसल्या बसल्या हसायची. न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकायची. गिऱ्हाईक नसलं की गाड्यावर मॅच मांडायची. वांगी आपली, टमाटे त्यांचे, बॉल म्हणून लिंबू. कोपऱ्यात एक वांगं एकटं ठेवायची, लिंबू टिचकीनं तिकडं ढकलायची आणि दोन्ही हात वर करायची. ते लिंबू तिनं कुणालाही विकलं नाही.

"दिमाग पे असर हो गया," मजीदभाई हळहळला. सरूबाईनं सांगून टाकलं, "शेंदूर डोक्यात चढला."

निशा सगळं ऐकत होती. बायका तिच्याकडं बघून कुजबुजायच्या, ती खाली मान घालून वजन करायची. पहिले तीन दिवस मेथी सुकून गेली, कारण तिची हाक गाड्याखाली झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा उठवत नव्हती. पारूबाई तिला कोपरानं ढोसायची, हातानं खुणावायची, मोठ्यानं! पोटातून!

बुधवारी एका गाईनं कोबीत तोंड घातलं आणि पारूबाईच्या तोंडून खणखणीत "हाऽट!" निघालं. मजीदभाईनं ते ऐकलं. पारूबाईनं ओठावर बोट ठेवून त्याच्याकडं असं बघितलं, की तो बिचारा तीन दिवस गप्प राहिला. त्याच्या आयुष्यातला हा विक्रम असावा.

आठव्या दिवशी, शनिवारी, अम्मार सर आले आणि मजीदभाईच्या पोत्यांमागं उभे राहिले. तेवढ्यात सरूबाईला चेव आला. "काय गं निशे, सासूला किती शेंदूर लागला? माझ्या सुनंला नको सांगू बरं!"

बायका हसल्या. पारूबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. निशाच्या हातातला तराजू थांबला.

"सरूमावशीऽऽ!"

केळीवाल्यानं मान वळवली.

"मी फुटबॉल खेळते! आत्या माझी मॅच बघायला आल्या होत्या! ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला! शेवटच्या मिनिटाला मी गोल मारला! अन् भेंडी चाळीस रुपये किलो!"

तीन बायकांनी मुकाट्यानं भेंडी घेतली. सरांनी कांद्याच्या पोत्यावर यादी ठेवून पेन काढलं, तशी पारूबाई तिथूनच कडाडली, "नाव नीट लिवा, सर! निशा संघपाल दाभाडे!"

"अगं बया! हिला आवाज हाय!" सरूबाई उडालीच. मग तिला काहीतरी आठवलं. "व्हय गं, घसा वरडून बसला. मग त्या दिशी व्हटाला शेंदूर कसला?"

सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं सासूकडं, आणि दोघी भेंडी निवडू लागल्या.

खरं एवढंच, की ओरडून पारूबाईचा घसा बसला नव्हता. मॅच जिंकल्यावर निशानं तिला मैदानाबाहेरच्या गाडीवरून संत्र्याचे बर्फगोळे आणून दिले. पारूबाईनं तीन खाल्ले.