सुभेदारांची देणगी

सत्तर सालानंतरची गोष्ट. रहिमतपुरात आमचं एक छोटं सेवा मंडळ होतं. माणसं बारा-तेरा, वर्गणी महिना दोन रुपये. मी शाळामास्तर, म्हणून खजिनदारी माझ्या गळ्यात पडली.

त्या वर्षी गरीब म्हाताऱ्यांना मोफत चष्मे द्यायचं ठरलं, पण पैसे पुरेनात. एका सभेत फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार उठले आणि त्यांनी दोनशे रुपये टेबलावर ठेवले. टाळ्या पडल्या. मी पावती फाडली आणि दुसऱ्या दिवशी ती रक्कम साताऱ्याच्या चष्मेवाल्याला आगाऊ देऊनही आलो.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत सुभेदारांची बायको शाळेत आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"आवं गुरुजी, त्ये पैसं माज्या दुधाचं हुतं. डब्यातनं काढताना मला इचारलंबी न्हाई. मी मागाय आले हुते, ह्ये त्यास्नी कळू देऊ नका."

दुसरी म्हैस घ्यायला ती दोन वर्षं साठवत होती. बघतो म्हणालो. त्यानंतर वर्गात फळ्यावर गणित घालावं आणि मध्येच थांबावं, असं होऊ लागलं. चष्मेवाल्यानं काचा मागवल्या होत्या. अध्यक्षांना सांगावं तर पावती रद्द होणार, म्हणजे सुभेदारांना कळणार. जेवताना, चालताना तेच डोक्यात. शेवटी पगार झाला तसे मी माझ्या खिशातून दोनशे तिच्या हाती ठेवले. तिला वाटलं, मंडळाचेच आहेत. मीही खुलासा केला नाही.

घरी लपेना. पगार निम्म्याहून कमी आला म्हटल्यावर बायकोनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ती भांडली नाही.

"तिनं तुमच्याकडं मागितले. मी कुणाकडं मागू?" एवढंच म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

पुढचे दोन महिने वाण्याच्या उधारीवर काढले, आणि ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

वार्षिक सभेत मी हिशेब वाचला. पैन् पै जुळत होती. सुभेदारांनी उठून सुचवलं, "गुरुजीच खजिनदार ऱ्हाऊ द्यात. लय चोख मानूस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शाळेच्या कामाचं निमित्त सांगितलं आणि वह्या-पावत्या तिथंच टेबलावर ठेवून बाहेर पडलो.