काळ्या छत्रीचा निकाल

मोटारींची शर्यत बघायला येऊन डोळे मिटून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मद्रासच्या उत्तरेला शोलावरमची जुनी युद्धकालीन धावपट्टी होती. विमाने गेली आणि मोटारी आल्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव चाले तेव्हा अण्णा गवताच्या भाऱ्यावर बसत, काळी छत्री उघडून खांद्याला टेकवीत आणि डोळे मिटून घेत. पहिल्यांदा मला वाटले, गृहस्थ उन्हाने झोपला. मी हाक मारली, तर डोळे न उघडताच म्हणाले, "बोलूं नका, वकीलसाहेब. तिसरा गिअर पडायचा आहे."

मी वकील नव्हतो. केंद्र सरकारच्या एका कचेरीत कायद्याच्या फायली बघणारा, पुण्याकडून बदली होऊन आलेला अधिकारी होतो. शर्यतींशी माझा संबंध आला तो तक्रारीमुळे. पहिल्याच वर्षी मी पाहिले की, प्रेक्षक दोर ओलांडून थेट धावपट्टीच्या कडेला उभे राहतात, ताकवाल्या बायका दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रस्ता ओलांडतात आणि संयोजक हसत बघत राहतात. मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मी पुन्हा लिहिले, आणि कोणत्या नियमाचा भंग कुठे होतो हे कलमवार दाखविले. अखेर संयोजकांच्या चिटणिसांनी मला बोलावून घेतले आणि गप्प बसविण्याचा सभ्य उपाय म्हणून तक्रार-निवारण समितीवरच नेमले. मी गप्प बसलो नाही, हे सांगणे नलगे.

अण्णा तंजावरच्या मराठी घराण्यातले. कित्येक पिढ्या कावेरीकाठी गेल्यामुळे त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि काही रूपे अशी की, आमच्या पणजोबांनी ऐकली असती तर त्यांना आपलीशी वाटली असती. माझ्या बोलण्याला ते 'पेपरातलं मराठी' म्हणत. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लहानसा कारखाना होता. पंपांचे सुटे भाग करीत. अभियांत्रिकीची पदवी, दोन्ही हातांना कायमचे काळे तेल आणि कपाळावर गंध असा त्यांचा थाट होता. शर्यतीच्या दिवशी ते दूरच्या वळणावर निशाण घेऊन उभे राहत, कारण त्या काळी माणसे थोडी होती. गाडी बांधणाराच निशाण दाखवी आणि निशाण दाखविणाराच कॉफीही आणून देई. या व्यवस्थेतील हितसंबंधांच्या घोळाविषयीही मी लिहिले होते. त्याचेही उत्तर आले नाही.

एकदा मी त्यांना चिडून विचारले, "इतका वेळ उन्हात उभे राहून बघायचे काय? एक गाडी पुढे, दुसरी मागे. यात थरार तो कसला?"

"पुढं कोण आहे तें नव्हे बघायचं," अण्णा म्हणाले. "वळणाला ब्रेक कोण उशिरां दाबतो तें बघायचं. आणि आंत कोण बसला आहे तें ठाऊक पाहिजे. ठाऊक नसलं तर ती शर्यत नव्हे, साहेब. नुसती रहदारी."

त्यांच्या बाबतीत आत कोण बसले आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. सेतू हा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ आणि भावजय लवकर गेल्यावर अण्णांनीच त्याला वाढविले. पोर पंचविशीचा झाला होता, उंच, तापट, हसरा. अण्णांनी त्याच्यासाठी एका जुन्या मोडीत निघालेल्या मोटारीच्या सांगाड्यावर शर्यतीची गाडी बांधली. पत्रा हाताने ठोकलेला, इंजिन स्वतः उघडून पुन्हा जुळविलेले, आणि मागचे चाक ज्यावर बसते तो हबदेखील त्यांनी आपल्याच लेथवर कातलेला. श्रीमंतांच्या परदेशी गाड्यांपुढे ही गाडी म्हणजे लग्नाच्या पंक्तीत घुसलेला आचारी दिसे. लोक हसत. सेतू त्यांना हात हलवून म्हणे, "हसा, हसा. अण्णांना ऐकूं येतं सगळं!"

दोन-तीन वर्षे ती गाडी कधी मध्येच तापली, कधी तेल ओकली. आणि मग त्या वर्षी, मुख्य शर्यतीत, ती पुढे निघाली.

मी त्या वेळी अण्णांच्याच वळणावर होतो. दोराच्या आत शिरलेल्या जमावाशी माझा वाद चालू होता. एका गृहस्थाला मी नियम समजावीत होतो आणि तो मला शेंगा देऊ करीत होता. एवढ्यात सेतूची निळी गाडी वळणातून गेली आणि तिच्या मागे, अगदी चिकटून, सिलोनहून आलेल्या एका मळेवाल्याची लाल गाडी. लोक ओरडले. मीही ओरडलो असेन. वळून पाहिले तर अण्णांचा चेहरा उतरलेला होता.

"ऐकलांत?" त्यांनी विचारले.

"काय?"

"मागचं चाक. आवाज बदलला."

मला तर सगळ्या गाड्या सारख्याच ओरडताना ऐकू येत. मी तसे म्हणालो. पुढच्या फेरीला निळी गाडी दिसू लागताच अण्णांनी भर कामावर डोळे मिटले, आणि ती समोरून गेल्यावर उघडले, तेव्हा त्यांच्या ओठांवरचा रंग गेला होता. त्यांनी धावत जाऊन फील्ड टेलिफोनचा दांडा फिरविला. पलीकडे शर्यतप्रमुख होते. त्यांचा आवाज इतका चढलेला होता की, मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू आला.

"धूर दिसतो?"

"नाहीं."

"तेल गळतंय? चाक हलतंय?"

"दिसत नाहीं. ऐकूं येतं."

"अण्णा, तुमचा पोरगा पहिला आहे. शेवटच्या फेऱ्या आहेत. ऐकू येतं म्हणून मी काळं निशाण दाखवू? उद्या मला कोण सोडील?" आणि फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

इथे नियम स्पष्ट केला पाहिजे. गाडी थांबविण्याचे काळे निशाण फक्त प्रारंभरेषेवर, फक्त शर्यतप्रमुखाच्या आज्ञेने दाखविता येते. वळणावरच्या माणसाजवळ पिवळे असते, म्हणजे 'सावध'. काळे त्याला दिलेलेच नसते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक काका आपापला पुतण्या थांबवीत बसेल किंवा दुसऱ्याचा.

अण्णांनी गवताच्या भाऱ्यावरची छत्री उचलली.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्हांला अधिकार नाही."

"ठाऊक आहे. बाजूला व्हा."

"मी समितीचा सभासद या नात्याने सांगतो आहे—"

"पोदुम, साहेब. पुरे. बाजूला व्हा."

ते गवताच्या भाऱ्यांच्या पुढे, थेट धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी छत्री उघडून समोर धरली. लांबून निळी गाडी येत होती, तिच्या पाठीला लाल. मला इतकेच आठवते की, छत्रीची कापडी कड थरथरत होती आणि त्या दिवशी वारा नव्हता. गाडी लहानाची मोठी होत गेली. तो थांबणार नाही, असे मला वाटले. का थांबावे त्याने? मग इंजिनाचा सूर उतरला. निळी गाडी कडेला झाली, मंदावली, थांबली. लाल गाडी तिला वळसा घालून निघून गेली आणि जमावातून असा एक आवाज उठला की, तो मी पुन्हा कधी ऐकलेला नाही.

सेतू उतरला. चष्मा कपाळावर ढकलला.

"कुणी सांगितलं थांबवायला?"

"मीं."

"वरून कुणी?"

"कुणी नाहीं. मीं."

"कां?"

"चाक."

सेतूने तिथेच गाडी उचलायला लावली. अधिकारी आले, चाक फिरविले, हलविले, कान लावला. काही नाही. सेतू म्हणाला, "हब उघडा. सगळ्यांसमोर उघडा." हब उघडला. आतला भाग नव्या भांड्यासारखा लखलखीत होता. कुणीतरी हसले. अण्णांनी हब हातात घेतला, उन्हाकडे धरून फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सरि." म्हणजे बरे. एवढेच.

सेतूने दुसऱ्या दिवशी तक्रार दाखल केली. प्रत्यक्ष अण्णांविरुद्ध. त्याचे म्हणणे, बेकायदा अडवणूक झाली म्हणून विजय आपल्याला मिळावा. आमच्या समितीपुढे सुनावणी झाली. काका आणि पुतण्या एकाच बाकावर, मध्ये दोन माणसे बसतील एवढी जागा सोडून बसले होते.

"तुम्ही काय ऐकलंत?" मी विचारले.

"आवाज बदलला."

"सिद्ध करू शकता?"

"नाहीं."

"मग तुमची चूक झाली असेल, हे मान्य आहे?"

"असेल, साहेब. चूकच असूं दे. देवाजवळ तेंच मागतों आहे मीं तेव्हांपासून."

निकालपत्र मी लिहिले, आणि आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. छत्री हे निशाण नव्हे. ते दाखविणाऱ्यास अधिकार नव्हता. सबब चालकावर थांबण्याचे बंधन नव्हते. परंतु तो आपखुशीने थांबला असल्यामुळे शर्यतीचा क्रम कायम राहील. अण्णांना निशाणाच्या कामावरून दूर करण्यात आले. कायद्याने याहून वेगळे काही होऊ शकत नव्हते. निकाल ऐकून अण्णांनी मला हात जोडले; सेतूने कुणाकडेच पाहिले नाही. तो त्याच आठवड्यात घर सोडून तांबरमला एका मित्राकडे राहायला गेला.

पुढच्या वर्षी सेतू दुसऱ्याच कुणाची गाडी चालवीत होता. अण्णा आले, तिकीट काढून, दोराच्या मागे, नियमाप्रमाणे. सगळा जमाव दोर ओलांडून पुढे गेला तरी ते मागेच राहिले. माझ्या सर्व पत्रव्यवहारातून तो दोर पाळणारा एवढा एकच माणूस निर्माण झाला. मात्र आता ते डोळे मिटीत नसत. सेतूची गाडी दिसल्यापासून नजरेआड होईपर्यंत टक लावून बघत, आणि ती गेली की जमिनीकडे बघत. मी जवळ गेलो तर म्हणाले, "दुसऱ्याची गाडी आहे. तिचा आवाज मला कळत नाहीं." त्या दिवशी मी शर्यत बघितलीच नाही. मी त्यांच्याकडेच बघत होतो, आणि तरी माझे तळहात घामाने भिजले होते.

हल्ली आमच्या घरातली तरुण मंडळी दूरचित्रवाणीवर जगातल्या सर्वांत मोठ्या म्हणविल्या जाणाऱ्या शर्यती लावतात आणि मध्येच जांभई देऊन मला विचारतात, "आजोबा, यात आता मजा राहिली आहे का हो?" या विषयावर मी वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली, छापली गेली ती निम्मी कापून. गाड्या पुष्कळ वेगवान झाल्या, नियम काटेकोर झाले, दोराच्या जागी कुंपणे आली. मी ज्यासाठी आयुष्यभर भांडलो ते सगळे मिळाले, आणि त्याचा मला आनंदच आहे. परंतु गाडीतला बिघाड आता गाडीच कळविते, दूर कुठेतरी बसलेला माणूस ते पडद्यावर वाचतो आणि चालकाच्या कानात सांगतो. हरकत नाही. सुरक्षितता ती सुरक्षितता. फक्त कृपा करून मला 'थरार' हा शब्द वापरून दाखवू नका. उघड्या धावपट्टीवर, येणाऱ्या गाडीसमोर, आपलेच काम चुकले असेल या भीतीने उभा राहिलेला माणूस मी हाताच्या अंतरावरून पाहिला आहे.

काही वर्षांनी अण्णांनी कारखाना बंद केला. डोळे अधू झाले होते, तंजावरला बहिणीकडे जाऊन राहायचे ठरले. लेथ कुंभकोणमच्या एका माणसाने घेतला होता. तो लॉरीवर चढविण्याच्या दिवशी मी निरोप घ्यायला गिंडीला गेलो. लॉरीबरोबर सेतू आलेला पाहून मी दारातच थबकलो. त्याला कुणी कळविले, ते मला माहीत नाही. दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते. लेथखाली लाकडी ओंडके घातले होते. एका बाजूचा दोर अण्णांनी धरला, दुसऱ्या बाजूचा सेतूने. यंत्र इंच इंच सरकत होते. अण्णांच्या बाजूचा दोर मागे पडे, आणि सेतू ते बघून आपला दोर थोपवून धरी.

अर्ध्यावर दम खायला थांबले तेव्हा सेतू एकदम म्हणाला, "अण्णा, खरंच ऐकूं आलं होतं? कीं भ्यालांत?"

अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला.

"ठाऊक नाहीं रे," ते म्हणाले. "पुष्कळ आठवून पाहिलं. दोन्ही वेगळीं काढतां येईनात."

"मीं जिंकलों असतों."

"असतास."

"मग?"

"मग तूं कां थांबलास, तें सांग. हे साहेब इथं उभे आहेत. त्यांनी लिहून दिलं आहे, थांबायची गरज नव्हती. छत्री म्हणजे निशाण नव्हे."

सेतूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, जणू मी निकालपत्र लिहिले नव्हते, त्याचे काहीतरी चोरलेच होते. मग तो दोराकडे वळला.

"छत्री कुणी पाहिली?" तो म्हणाला. "तुम्ही उभे होतांत."

अण्णांनी दोर पुन्हा मुठीत घेतला. सुनावणीत सेतूला हा प्रश्न आम्ही कुणीच विचारला नव्हता. कायद्याने तो उद्भवतच नव्हता.