धनाजी भावजींचं रोप

...हां, लिव पुढं, स्नेहल. आता धनाजी भावजींचं सांगते. माझा धाकला दीर, म्हंजी तुझा चुलत आजा. भाताचं रोप बघावं तर त्यांचंच, आसं आमच्या पासली गावात सगळी म्हनायची. लावनीला कुनाचं रोप कमी पडलं की बाया सरळ त्यांच्या वावराकडं. भावजी बांधावरनं म्हनायचे, "न्या गं, न्या. पन माझ्यापरीस भात चांगलं आलं तर निम्मं माझं." आन् हसायचे. सवता मातूर कधी कुनाकडनं मूठभर रोप आनलं न्हाई.

मग घरोघरी ते भितीवरचं चपटं टीव्ही आलं. जुनं डबं कुनाला नको झालं. आन् चपट्याचं तर काय, पोरानं चेंडू मारला की काच गेली, टीव्ही गेला. भोरात मन्सूरभाई टीव्ही दुरुस्त करायचे, त्यांच्या दुकानामागं नुसता ढीग. आत तांब्याच्या तारा असत्यात, त्या इकून पैका व्हईल म्हनून भावजींनी टेम्पो भरून घरी आनला. मन्सूरभाई बोलले व्हते, "धनाजीराव, तारा सोडवून घ्या, पन जाळू नका. काच बी फोडू नका. शिसं असतं त्यात, जमिनीला बरं न्हाई."

भावजी म्हनले, "मन्सूरभाई, टीव्ही बघून मानसं बिघडत्यात. माती कवा टीव्ही बघती?"

आता आपल्याकडं भाताचं बी टाकायच्या आधी जमीन भाजत्यात. पाला, शेन पसरून पेटवायचं, त्यो राब. तुला ठाव हाय, पन वाचनाऱ्याला कळाया पायजे. भावजींनी डोकं चालवलं. जाळ करायचाच हाय, तर तारा त्यातच टाकल्या. वरचं प्लास्टिक जळून तांबं मोकळं. डबं बी तितंच फोडलं. बनाबाई, त्यांची बायको, तोंडाला पदर लावून म्हनली, "अवो, ह्यो वास राबाचा न्हाई."

"मग लांब हो की," भावजी म्हनले.

त्या साली रोप उगावलं ते ठिगळाठिगळानं, तेबी पिवळं. उपटाया बसलो तर आमच्यातल्या सखूबाईचा तळवा कापला. चिखलात काच दिसती व्हय? तवापासनं बाया त्यांच्या वावरात जाईनात. भांडलं कुनी न्हाई. नुसत्या गेल्या न्हाईत.

भावजींनी पाट्या भरभरून ती माती उपसली. पन टाकायची कुठं? वढ्यात टाकावी तर खालची मानसं तेच पानी पित्यात. घरामागं पत्र्याखाली झाकून ठिवलीया. तळ्यातली नवी माती आनून घातली, तरी रोप पयल्यावानी न्हाईच. एकदा मन्सूरभाई येऊन गेले. म्हनले, "म्या द्यायलाच नको व्हतं."

"तुमी सांगितलं व्हतं," भावजी म्हनले. दोगांचा च्या निवून गेला.

आता भावजी पार मार्गासनीतनं रोप इकत आनत्यात, वळखीच्या कुनाकडं मागत न्हाईत. मागं म्या म्हनलं, "भावजी, आमचं उरतंय." "उरू द्या, वैनी," म्हनले आन् वाट बदलून गेले. त्यांच्या तोंडचं कायबाय ऐकायची लई सवय व्हती बघ मला.

टीव्हीवर माझा राग न्हाई गं, म्या बी बघते. पन बंद पडल्यावर त्यो कुठं जातो, ते कुनी कवा सांगितलंच न्हाई आमाला.

ह्ये जो कुनी वाचंल, त्याची वेल्ह्याच्या बाजारात न्हाईतर यष्टीत पासलीच्या धनाजीशी गाठ पडली, तर एवढा निरोप द्या. म्हनावं, वैनीनं वरल्या वावरातलं रोप तुमच्यासाठी राखलंय. मागाया यायचं न्हाई. सकाळच्याला यावं आन् उपटून न्यावं. बांधावर कुनी नसंल.